सोनसळीतला ळ

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्या हिवाळ्यात सत्यभामाबाईंना नात झाली, ती पिवळीजर्द. कावीळ. सून ममता रडून राहिलेली, मुलगा विशाल डॉक्टरांच्या मागे-मागे. बाईंनी लेकरू कोवळ्या उन्हात धरलं आणि सुनेला म्हणाल्या, "रडतेस काहून? पोट्टी पिवळी नाही, सोनसळी आहे." कावीळ पंधरा दिवसांत उतरली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

नावाच्या बाबतीत बाईंचं एक जुनं दुखणं होतं. माहेरी आर्वीला त्या वेणू होत्या. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सत्यभामा' लिहिलं आणि वेणू तिथंच संपली. कोणी विचारलं नाही. चौथी शिकलेल्या पोरीला सही करायला केवढं मोठं नाव! पुढे रेल्वेतल्या नवऱ्यामागून रायपूरला आल्या, तात्यापाऱ्यात (पारा म्हणजे तिकडं मोहल्ला) चाळीस वर्षं काढली, तिथं त्यांची भामा दीदी झाली.

नात चार वर्षांची झाली तशी अडचण उभी राहिली. हिंदीवाल्यांच्या जिभेला ळ काही वळत नाही. कोणी सोनसली म्हणे, कोणी सोनसाली. आणि 'साली' हा शब्द लोक कसा वापरतात ते सांगायला नको. गल्लीतली पोरं हसली, लेकरू रडत घरी आलं. विशाल म्हणाला, सोमवारी शाळेचा फॉर्म भरायचा आहे, त्यात सोनाली लिहून टाकू, ऐकायला जवळपास तेच. ममतानंही मान हलवली.

"वेणूची सत्यभामा झाली तेव्हा मले कोणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत थांब. पाऱ्यानं नाव नीट घेतलं नाही तर खुशाल लिही सोनाली."

दोन दिवसांवर होळी होती. बाईंनी पुरण घातलं, ते दरवर्षीच्या तिप्पट. पोळीचा वास गल्लीभर गेला आणि पहिला आला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला भैय्यालाल. पोली द्या म्हणाला. बाईंनी ताटली मागे घेतली. पोली नाही, पोळी.

"दीदी, हमसे नहीं होगा."

"पहाड़ बोल."

"पहाड़."

"आता जीभ तिथंच ठेव. आपटू नको, घसरू दे."

दोनदा पोड़ी झाली, एकदा नुसती थुंकी उडाली. चौथ्यांदा त्याच्या तोंडातून असा ळ निघाला की तो स्वतःच दचकला. पोळी मिळाली, वर तूप मिळालं, आणि जाता जाता सोनसळी म्हणायचं कबूल करावं लागलं. मग दूधवाला, भाजीवाली, समोरच्या घरातल्या तिन्ही जावा, सगळे त्याच उंबऱ्यावर पहाड़ चढले. रविवारी भाजीवालीनं रस्त्यावरूनच "सोनसळी बिटिया" अशी हाक दिली. बाईंनी विशालकडे पाहिलं.

विशालनं हसून लेकीला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"सोनसली," ती म्हणाली.

बाई खालीच बसल्या. अख्खा पारा शिकला आणि घरचीच कोरी राहिली. मग लक्षात आलं. नातीला पोळी फुकट मिळत होती ना! त्यांनी उठून डबा वरच्या फळीवर ठेवला. पोट्टीनं आधी आकांत केला, मग हिशेबानं विचार केला, आणि दिवेलागणीपर्यंत दोन पोळ्या कमावल्या.

सोमवारी शाळेत मॅडमनं नाव विचारलं.

"सोनसळी."

"सोनाली?" मॅडमनं लिहायला घेतलं. बाईंनी तोंड उघडायच्या आत पोट्टी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ऐसे नहीं. पहले पोळी बोलो."

मॅडम पोली म्हणाल्या. पोट्टीनं मान हलवली आणि आजीच्याच सुरात सांगितलं, पहाड़ बोलो. मॅडमना हसू आवरेना, पण बोलल्या बिचाऱ्या, आणि तिसऱ्या खेपेला जमलं. आता हे लिहायचं कसं, त्यांनी विचारलं. विशालनं फॉर्म बाईंपुढे सरकवला. "आई, तूच लिही."

बाईंनी सावकाश लिहिलं. बाकीची अक्षरं चौकटीत मावली, ळ तेवढा बाहेर आला.

पुढच्या वर्षी भैय्यालालच्या बीरगावच्या लेकीला मुलगी झाली. तिचंही नाव सोनसळी ठेवलं. त्या पोरीला कावीळ-बिवीळ काही झाली नव्हती. पण भैय्यालालला ळ येत होता, तो वाया कशाला घालवायचा?