माहेराचे बेअरिंग

“अडतीस पूर्णांक सात,” सामंतसाहेबांनी यंत्र डोळ्यावरून खाली घेतले. “भोईर, वरची जागा बाद. लिहून घ्या.”

मी लिहून घेतले नाही. या न लिहिण्यावर पुढे बरेच लिहिले आणि बोलले गेले. त्यातले बहुतेक चुकीचे आहे, म्हणून हा प्रपंच.

सामंतसाहेब आमचे उपअभियंता. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या स्मरणिकेत त्यांनी लेख लिहिला. त्यात ते म्हणतात, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या हद्दीवरच्या साकवाची पाहणी करताना खात्याचे नवे लेझर यंत्र सदोष निघाले. तेव्हा त्यांनी टेपने मोजण्याचा आदेश दिला आणि योग्य जागा निश्चित केली. ही एक कथा. दुसरी कथा त्या ओढ्याकाठच्या पाड्यात सांगतात. भोईरबाबाला एका बाईची दया आली आणि त्याने आकडा वाकवला, असे तिथले लोक म्हणतात. पहिल्या कथेत माझ्या यंत्राची बदनामी आहे, दुसरीत माझी. पाड्यातले लोक ती कौतुकाने सांगतात हे मला ठाऊक आहे. आकडा वाकवणाऱ्या सर्वेअरचे कौतुक कोणी करू नये. वाकवलेल्या आकड्यावर बांधलेला साकव पहिल्या पुरात जातो.

साकव म्हणजे पायी जाणाऱ्यांसाठी बांधलेला अरुंद पूल. आमच्या कामाला मंजुरी होती तीस मीटर लांबीपर्यंत. त्याहून लांब साकव त्या योजनेत बसत नव्हता. पाहणीसाठी दोन जागा होत्या. खालची जागा रस्त्यालगत. तिथे जीप जात होती आणि लांबीही मंजुरीत बसत होती. वरची जागा टेकडीखाली, दोन पाड्यांच्या मधोमध. एक पाडा मुरबाडच्या बाजूला, समोरचा शहापूरच्या. पण या वरच्या पाड्यांतून खालच्या जागेकडे जायला वाटेत एक नाला लागतो आणि पावसाळ्यात तो ओढ्याच्या आधी भरतो. म्हणजे साकव झाला असता, पण साकवापर्यंत पोहोचता आले नसते.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. लेझर रेंजफाइंडर आमच्या खात्यात नुकताच आला होता. एका हातात मावेल एवढी, काळ्या रबराने मढवलेली दुर्बीणच ती. एका डोळ्याने आत पाहायचे, लाल ठिपका नेमक्या जागी धरायचा आणि बटण दाबायचे. लेझरचा किरण समोर आपटून परत येतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर आकड्यांत दिसते. आतच डिजिटल कंपास असतो. त्यामुळे ती जागा उत्तरेपासून किती अंशांवर आहे, म्हणजे आमच्या भाषेत तिचे बेअरिंग, तेही कळते. दोन जागांवर एकापाठोपाठ नेम धरला, तर ती दोन अंतरे आणि मधला कोन यांवरून त्या दोन्ही जागांमधले अंतर यंत्र स्वतः काढून देते. दोन्हीकडे चालत जावे लागत नाही. साहेबांना यंत्र आवडले ते याच गुणामुळे. वरच्या जागेचा काठ खडकाळ आणि करवंदीच्या जाळ्यांचा होता. उतरायला वाईट. साहेबांनी टेकडीवरच उभे राहून आधी अलीकडच्या काठावर नेम धरला, मग पलीकडच्या. उत्तर आले अडतीस पूर्णांक सात.

आम्ही उभे होतो ते सोमीबाईचे अंगण. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत बाई. तिने तांब्याभर पाणी आणले होते. साहेब मांडवाखालच्या खाटेवर बसले. आमचा शिपाई गोविंद कसाऱ्याचा. इतका वेळ तो साहेबांवर छत्री धरून होता. त्याने ती मिटली आणि पाणी प्यायला हात पुढे केला.

“बाद मंजे काय रं?” सोमीबाईने त्याला विचारले.

“बाद मंजे साकव खाली होनार. रस्त्याला.”

“खाली कोन राहतं? माकडं?”

गोविंद हसला. साहेबांना ऐकू गेले नाही, किंवा त्यांनी तसे दाखवले. सोमीबाई माझ्याकडे वळली.

“बाबा, या डब्यात काय दिसतं?”

मी साहेबांजवळचे यंत्र घेऊन तिच्या हाती दिले आणि धरायचे कसे ते दाखवले. तिने ओढ्याकडे पाहिलेच नाही. यंत्र सरळ वर नेले, समोरच्या पाड्यावर, आणि एका जागी स्थिर केले. मोहाचे दिवस होते. तिकडच्या एका अंगणात कोणीतरी फुले वाळत घालत होते. नुसत्या डोळ्यांना तो एक पांढुरका ठिपका दिसत होता. सोमीबाई बराच वेळ पाहत राहिली. मग शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावे तशा हलक्या आवाजात म्हणाली, “आये, डोकीवर पदर घे गो. ऊन हाय.”

ते तिचे माहेर होते.

मी यंत्र घेऊन त्या अंगणावर नेम धरला. “चारशे बारा मीटर,” मी म्हणालो. “लांब नाय, बाय.”

“आनी पावसाल्यात किती?”

आयुष्यभर मी अंतरे सांगत आलो. हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला नव्हता. तिनेच पुढे सांगितले.

“माजा बाप गेला तवा श्रावन व्हता. आंगनात मानसं जमली ती इथूनच बघली. पल्याडचं रडं इथवर आयकू येत व्हतं. मी वड्यात उतरले तं नवऱ्यानं केसाला धरून मागं वढली. पानी छातीच्या वर व्हतं. तिसऱ्या दिशी उतार पडला. तवा राख बघाया गेले. आता आय तरी...”

हे ऐकून मला वाईट वाटले का? वाटले. मी शेणव्याचा आहे, या भागातले ओढे पावसाळ्यात काय करतात ते लहानपणापासून पाहिले आहे. तो आकडा तीसच्या आत यावा असे मला वाटू लागले का? लागले. इथवर पाड्यातल्या लोकांची कथा खरी आहे. पुढची नाही. आकडा आपल्या मनासारखा यावा असे वाटू लागते, त्याच वेळी सर्वेअरने स्वतःवर सर्वांत जास्त संशय घ्यायचा असतो. मी दुसरे काही करण्याआधी मूठ धरली.

हे सांगायला हवे. हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर तिच्यामागे सुमारे दहा अंशांचा कोन झाकला जातो. कोणीही घरी करून पाहावे. आजही कल्याणच्या गॅलरीत उभा राहून मी मूठ धरतो. समोरची इमारत दोन मुठींतही मावत नाही, आणि तिच्या पलीकडे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. त्या टेकडीवरून मात्र ओढ्याचे दोन्ही काठ माझ्या एका मुठीमागे गेले आणि वर जागाही उरली. अडतीस मीटर खरे असते, तर एक काठ मुठीबाहेर दिसायला हवा होता.

म्हणजे अंतरे बरोबर असतील. कोन चुकला होता. कोन देतो कंपास, आणि कंपासला फसवते लोखंड. जवळ लोखंड असेल तर सुई उत्तर सोडून तिकडे थोडी कलते. डिजिटल कंपासात सुई नसते, पण स्वभाव तोच. याला म्हणतात लोकल अट्रॅक्शन. मराठी पुस्तकांत स्थानिक आकर्षण. आमच्या खात्यात या शब्दावर विनोद चालत. बदलीची ऑर्डर हातात असूनही ज्याचा पाय गावातून निघत नसे, त्याला लोकल अट्रॅक्शन झाले असे म्हणत.

“साहेब,” मी विचारले, “वाचन घेताना छत्री कुठे होती?”

“माझ्या डोक्यावर. आणखी कुठे असणार?”

“आणि दांडा?”

उत्तर गोविंदने दिले. “भोईरनाना, पयले काठाला मी या अंगाला व्हतो, जरा लांब. मग साहेब वळले, त्यांच्या तोंडावर ऊन आलं, तं मी पुढं झालो. दांडा पार त्यांच्या कानाशी.”

छत्री जुन्या पद्धतीची, लोखंडी दांड्याची. थिओडोलाइटवर, म्हणजे कोन मोजायच्या जुन्या दुर्बिणीवर, छत्री धरण्याची आमच्या खात्याची पिढ्यान्पिढ्यांची रीत. तिथे ती योग्यच, कारण थिओडोलाइटचा कोन काचेच्या चकतीवर वाचतात, त्याला लोखंडाचे सोयरसुतक नसते. नव्या यंत्रासाठी ती रीत कोणी बदलली नव्हती.

“म्हणजे माझ्या सावलीने आकडा बदलला, असं म्हणायचंय तुम्हाला?” साहेब ताठ बसले.

“सावलीने नाही साहेब. दांड्याने.”

“भोईर, हे यंत्र परदेशी आहे. त्याला इतकं कळत नसेल?”

“त्याला लोखंड कळतं, साहेब. ते साहेबांवर धरलंय की कोणावर, एवढं मात्र कळत नाही.”

गोविंदने मान वळवून करवंदीच्या जाळीकडे पाहिले. साहेब हसले नाहीत, पण मी पुन्हा वाचन घेण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. छत्री मी झोपडीमागे ठेवायला लावली. घड्याळ, किल्ल्या, लोखंडी काड्यांचा चष्मा, सगळे काढून खाटेवर ठेवले. “चष्म्याविना तुम्हाला दिसणार काय?” असे साहेबांनी विचारले. प्रश्न रास्त होता. यंत्राच्या भिंगाला नंबर फिरवण्याची सोय असते, ती मी लावून घेतली. कंपास नव्याने जुळवला, म्हणजे यंत्र सांगते त्याप्रमाणे त्याला सर्व बाजूंना फिरवून घेतले. मग दोन्ही काठ पुन्हा घेतले. उलट क्रमाने घेतले. जागा बदलून घेतले. प्रत्येक वेळी उत्तर सव्वीसच्या आसपास येत होते. सर्वांत मोठे सव्वीस पूर्णांक दोन.

“तुम्हाला सव्वीसच हवे होते,” साहेब म्हणाले.

“हो, साहेब. हवे होते. म्हणूनच मी आता खाली उतरून टेप लावणार आहे.”

“मी येणार नाही.”

“आपण बसा.”

स्मरणिकेतला ‘आदेश’ तो हा. टेप लागला तेव्हा सामंतसाहेब सोमीबाईच्या खाटेवर आडवे झाले होते.

मी, गोविंद आणि सोमीबाई खाली उतरलो. वाट तीच दाखवत होती. उन्हाळ्याचा ओढा म्हणजे खडकांमधली चार डबकी. अलीकडच्या काठावर, पुराची खूण होती त्या उंचीवर, मी टेपचा शून्य धरला. दुसरे टोक घेऊन पलीकडे कोण जाणार, हे ठरवण्याआधीच सोमीबाईने ते गोविंदच्या हातातून घेतले होते. पातळ खोचून ती खडकांवरून निघाली. टेप तिच्यामागे सुटत गेला. पलीकडे चढून तिने मी सांगितलेल्या कातळावर टोक दाबून धरले.

“वढ गो बाय!” गोविंद ओरडला. “झोळ पडलाय!”

तिने इतक्या जोरात ओढले की मीच पुढे झुकलो. पंचवीस पूर्णांक नव्वद. मी तीनदा वाचले, गोविंदला वाचायला लावले, आणि मगच लिहून घेतले.

“झालं! सोड!” मी ओरडलो.

तिने टेप सोडला. पण ती परत आली नाही. आमच्याकडे पाठ करून माहेराच्या वाटेने चढू लागली.

“ओ बाय, साहेब तुज्या घरात झोपलेत!” गोविंदने हाक मारली.

“झोपू दे!” तिकडून उत्तर आले. “आयेसला बघून येते!”

यंत्राचे आणि टेपचे उत्तर एकच निघाले. ज्याला यंत्र सदोष म्हणायचे असेल त्याने आधी हे दोन आकडे शेजारी मांडावेत. अहवालात मी वरची जागा सुचवली आणि कारण एकाच ओळीत दिले : लांबी मंजुरीत बसते, दोन्ही काठांना पक्का कातळ आहे. बाईचा, बापाचा, श्रावणाचा उल्लेख त्यात नाही. साहेबांनी त्यावर सही केली. त्यांच्या त्या सहीबद्दल मला आदर आहे. लेखाबद्दल नाही.

साकव व्हायला बरेच पावसाळे गेले. तो झाला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. यंत्र स्टोअरमध्ये जमा केले, त्या दिवशी हात उगाच हलका वाटत राहिला. पुढे कधीही त्या बाजूला ढग दाटलेले दिसले की तो काठ, ते दोन पाडे आणि उन्हात तापलेला मोहाचा गोड वास आठवत असे. जाईन जाईन म्हणता वर्षे गेली. अखेर एका दिवाळीनंतर भाताची कापणी चालू असताना गेलो.

साकव नीट उभा होता. पुराने पायाखालचा कातळ कुठे उकरलेला नव्हता. सोमीबाई अंगणात भात झोडत होती. तिने मला आवाजावरून ओळखले.

“आय गेली, बाबा,” तिने आधी तेच सांगितले. “भादव्यात. वडा निस्ता भरून व्हता. मी वरून चालत गेले. शेवटचं पानी माज्या हातानं पाजलं.”

मी मान हलवली. मग विचारले, “आता जातेस का गो तिकडं?”

“भाऊ बोलावतो. जाते सणाला.” तिने हातातली पेंढी खाली ठेवली आणि समोर पाहिले. “पयले पानी आडवं व्हतं, म्हनून जीव वढायचा. आता आडवं काय नाय. तरी जीव वढतोच. ह्ये कसं, बाबा?”

याचे उत्तर? ते माझ्या खात्याचे काम नव्हते. माझ्या खात्याचे काम होते दोन काठांमधले अंतर सांगणे. ते सव्वीस मीटर होते, आणि ते बरोबर होते.