चिठ्ठीला निशाणी

निसार पट्टेवाला कोर्टाच्या दारात पुकारा करी, तेव्हा बाहेर टांग्याची घोडीसुद्धा कान टवकारत. नाशिकच्या त्या फौजदारी कोर्टात वीस वर्षं त्याने चोर, साव, देशभक्त सगळ्यांना एकाच सुरात हाका मारल्या.

बत्तीस साली रंगनाथराव सत्याग्रहाबद्दल आरोपी म्हणून उभे होते. वरून, गोऱ्या कलेक्टरकडून, लाखेचा लखोटा आला. तेव्हाच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तो वाचून खिशात घातला आणि सहा महिने सक्तमजुरी ठोकली.

"हा न्याय नव्हे, लखोटा बोलतोय!" रंगनाथराव गरजले. निसारला ते मनोमन पटलं.

अडतीस सालापर्यंत रंगनाथराव पुढारी झाले होते. प्रांतात आता आपल्याच लोकांचं मंत्रिमंडळ होतं आणि मंत्र्यांत त्यांची ऊठबस होती. त्यांचा मेहुणा मोतीराम याने भाजीवाल्या गोजराबाईला बाजारातल्या जागेवरून हुसकताना काठीने तिचा हात मोडला आणि खटला उभा राहिला. निकालाच्या सकाळी रंगनाथरावांनी निसारला चिंचेखाली गाठून हातात चिठ्ठी सरकवली.

"साहेबांना गुपचूप दे."

"रावसाहेब, मागं तुम्हीच लखोट्यावर..."

"तो परक्यांचा होता रे. हा हातकागद आहे. अस्सल स्वदेशी!"

निसारच्या पेन्शनला दोन वर्षं उरली होती. व्हरांड्यात गोजराबाई हात गळ्यात बांधून बसली होती. तिने विचारलं, "भाऊ, आज लागंल ना निकाल?"

निसार तडक भरल्या कोर्टात शिरला आणि पुकाऱ्याच्याच सुरात म्हणाला, "हुजूर, रंगनाथराव पुढाऱ्यांची चिठ्ठी! निकालाआधी द्यायला सांगितलीय!"

नवे मॅजिस्ट्रेट स्वभावाने भित्रेच. चिठ्ठी एकांतात मिळती, तर काय झालं असतं कोण जाणे. पण सगळे वकील टक लावून बघत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि कारकुनाला म्हणाले, "वाचा."

"'मोतीराम होतकरू कार्यकर्ता आहे. निःपक्षपाती न्याय व्हावा, म्हणजे तो सुटेल.'"

"पुराव्याची निशाणी देऊन खटल्याच्या कागदांना जोडा," साहेब म्हणाले. मोतीरामला दोन महिन्यांची कैद झाली.

महिन्याच्या आत साहेबांची बदली खानदेशात झाली, निसारची दिंडोरीच्या दप्तरखान्यात. निसारची बायको खुर्शीदा सामान लादून टांग्यात बसली, ती दिंडोरी येईस्तोवर नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने नव्या शेजारणीला बदलीचं कारण साग्रसंगीत सांगितलं, आणि सांगता सांगता मोतीरामच्या दोन महिन्यांचे सहा केले.