दाढ कोरताना लागलेली झोप

आमची आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि तपासता तपासता डुलक्या काढायची. घरीदारी सगळे तिला आळशी म्हणत. हळूहळू तिलाही ते पटलं होतं.

एकदा दाढ दुखली म्हणून ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. दाढ कोरायचं यंत्र सुरू असतानाच ती घोरायला लागली. मग घोरणं थांबलं, श्वासही थांबला, आणि थोड्या वेळाने ती दचकून जागी झाली.

बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं. "मी दाढ बधिर केली होती, तुम्हाला नाही."

"माफ करा, मी जरा आळशीच आहे."

"हा आळस नाही. झोपेत तुमचा श्वास अडकतोय. तपासणी करून घ्या."

झोपेच्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा श्वास तासाला बावीस वेळा अडकत होता. त्यांच्या सल्ल्याने बाईंनी आत्याच्या मापाची, झोपताना दातांवर बसवायची पट्टी बनवली. त्या पट्टीने खालचा जबडा पुढे राहतो आणि घसा मोकळा होतो. पहिला आठवडा जबडा ठणकला. महिन्याभरात डुलक्या बंद झाल्या.

आता दुपारी छापखान्यात बाकीचे किती जण पेंगतात, ते आत्याला दिसायला लागलं. तिने दोघांना दवाखान्याचा पत्ता दिला.