फटके मारण्याचा मान

खाडीकाठच्या आमच्या गावातला पहिला बी. ए. मी. हे मी मिरवतो, आणि मिरवणारच. माझ्या बापाला सही करता येत नव्हती. मी पास झालो त्या वर्षी पवित्र शुक्रवारी गोव्याचे पाद्री तापाने पडले, तेव्हा देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शुभवर्तमान वाचायला मलाच उभं केलं. पाद्री दरवर्षी लॅटिनमध्ये वाचत. मी मराठीत वाचलं. पुस्तकात येशू छापलं होतं, मी आमच्याकडे म्हणतात तसं जेजू म्हणालो.

आमच्याकडे रीत अशी, की जेजूची लाकडी मूर्ती खांबाला बांधायची आणि वाचन संपेपर्यंत एकाने काथ्याच्या दोराने खांबावर फटके मारायचे. हा मान माझ्या मामाच्या घराचा. मामा अंगाने रेडा, पण कोंबडी कापायला मामीला हाक मारायचा.

जेजूच्या मरणाच्या त्या अध्यायात फटक्यांना एकच ओळ आहे. मग काट्यांचा मुकुट, मग थोबाडीत. मी सावकाश वाचत गेलो. बायका रडायला लागल्या. लोक त्याला क्रुसावर द्या म्हणून ओरडतात, तिथे मी पोचलो आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. जन्मभर ऐकलेल्याचा अर्थ त्याला त्या दिवशी पहिल्यांदा लागला होता. आणि मामाचा दोर चालूच होता.

"कशाला मारतंस रे त्याला? काय केलंय त्यानं तुझं?"

मामा ओशाळून हसला. "अरे काका, खांबाला मारतोय मी."

"हसतंय बघा! रांडेचा हसतंय!"

म्हाताऱ्याने पितळी मेणबत्तीदान उचललं आणि मामाच्या तोंडावर घातलं. मग सगळेच तुटून पडले. मामाचाच दोर कोणी त्याच्या गळ्यात आवळला. दात फरशीवर पडले. मामी त्याच्यावर आडवी पडली, तिला केसांना धरून ओढलं. मी पुस्तक टाकलं आणि दोर आवळणाऱ्याचं नाक फोडलं. तो माझा चुलतभाऊ. मामाला मारताना तो ढसाढसा रडत होता. "जेजूला मारतंय, जेजूला मारतंय!"

बैलगाडीतून मामाला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डावा डोळा गेला.

त्याच्या खाटेशी बसून मी तो अध्याय पुन्हा वाचला. कॉलेजात वाचताना ती ओरडणारी माणसं मला परमुलखातली वाटायची. आता त्यांतल्या एकेकाचं घर मला ठाऊक होतं. त्यांना जेजूची माया नव्हती, असं मी म्हणणार नाही. मायेनेच मामाचा डोळा फोडला होता.

पुढच्या वर्षी, पवित्र शुक्रवाराआधीच्या उपासाच्या दिवसांत, गावची जाणती माणसं मामाकडे आली. दोर बंद करू म्हणाली, आणि मराठीही नको.

"दोर माझ्या घरचा आहे," मामा म्हणाला. "मी मारणार."

"पुन्हा मारतील तुला."

"अर्धंच ऐकून उठले ते." तो माझ्याकडे वळला. "भाच्या, या खेपेला पुरं वाच."

शुक्रवारी पाद्रींना विचारून मीच मराठीत वाचायला उभा राहिलो. म्हातारा पुढच्याच रांगेत होता. मामाने पहिला फटका मारला. दुसरा मारताना तो खांबाकडे नाही, उरलेल्या डोळ्याने म्हाताऱ्याकडे बघत होता. म्हाताऱ्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. पण तो उठला नाही. जेजूला थडग्यात ठेवतात त्या शेवटच्या ओळीपर्यंत मी वाचलं.