न चाखलेला नैवेद्य

आमच्या घरी महालक्ष्म्यांचा नैवेद्य चाखत नाहीत. सोवळ्यात शिजवायचा, आधी देवीला दाखवायचा, मग माणसांनी पानावर बसायचं. तोवर मीठ कमी की जास्त हे जिभेवर घेऊन बघायचं नाही. बावीस वर्षं हा नैवेद्य मी करत आले. सोळा भाज्यांची भाजी, कटाची आमटी, कढी, पुरण, सगळं. आणि एकदाही मीठ चुकलं नाही. गावातच, दाना ओलीत राहणाऱ्या माझ्या नणंदबाई दर वर्षी पहिला घास घेऊन डोळे मिटायच्या. सासूबाई पंगतीला सांगायच्या, "हिच्या हाताला देवीच मीठ सांगते हो." मी मान खाली घालून वाढत राहायचे. लोकांना तो विनय वाटे. खरं असं होतं की मी चाखत होते. देव्हाऱ्याकडे पाठ करायची, आमटीत बोट बुडवायचं आणि तोंडात घालायचं. पहिली काही वर्षं फक्त बोट. मग पुरणाचा एक गोळा. मग एक अख्खी पोळी, उभ्यानं, दोन-तीन घासांत. देवी बाहेर उपाशी उभी असायची आणि मी आत जेवलेली असायचे.

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण मी कमी बोलणारी बाई आहे आणि कमी बोलणाऱ्याचं सगळ्यांना खरंच वाटतं. सण संपला तरी खाणं संपलं नाही. पर्समध्ये तिळगुळाची गजक, वर्गातल्या खडूच्या डब्याखाली बिस्किटं, शाळेतून येताना दर्पण कॉलनीच्या वळणावर कचोरी, आणि घरी पोचले की, "मला भूक नाही, अर्धीच पोळी वाढा." सासूबाई काळजीनं म्हणायच्या, "चिमणीएवढं खातेस, तरी अंगाला कसं लागतं ग?" मी थायरॉइडवर ढकलायचे. थायरॉइड मला नव्हताच.

मग आमची आणि जवळची अशा दोन सरकारी शाळा एक केल्या. आमची मुलं, आमच्या बाकांसकट, दुसऱ्या शाळेच्या इमारतीत गेली आणि सातवीचा माझा वर्ग आला दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या आठवड्यात जिन्याच्या वळणावर मला असा दम लागला की मुलींनी घाबरून कुठूनशी एक खुर्ची आणून तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशीही ती तिथेच होती. तिला नावही पडलं, 'मॅडमची खुर्ची'. पोरी मायेनं करत होत्या, म्हणून रागावताही येईना. मी रोज त्या खुर्चीत बसायचे, गुडघे दाबायचे आणि छातीत चढलेलं आंबट पाणी गिळायचे. शुगर वाढलेलीच होती. त्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता पथ्यापाण्यानं भागणार नाही, वजनाची शस्त्रक्रिया करून घ्या.

शस्त्रक्रिया दोन तऱ्हेच्या होत्या, दोन्ही दुर्बिणीतून करायच्या. एकीला म्हणतात स्लीव्ह. तिच्यात जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. दुसरी बायपास. तिच्यात वरच्या बाजूला जठराची लहानशी पिशवी करून तिला खालचं आतडं जोडतात, म्हणजे अन्न वेगळ्याच वाटेनं जातं. डॉक्टरांनी कागदावर चित्रं काढून दाखवली. बायपासनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, आणि त्यात हयगय नाही. गोड जास्त खाल्लं तर घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. स्लीव्हनंतर गोडाचा असा त्रास बहुधा होत नाही, पण ज्याला मुळात जळजळ आहे त्याची ती वाढू शकते. घशातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत अन्ननलिकेला थोडी सूज दिसली होती. त्यांनी विचारलं, जळजळ होते का? आंबट पाणी वर येतं का? गोड किती खाता? मी म्हटलं, "जळजळ नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मिरचीचं लोणचं खाल्लं होतं. गोड फक्त सणावारी." "कॅमेऱ्याला पोट दिसतं," ते म्हणाले, "सवय दिसत नाही. ती तुम्हीच सांगायची. घरी विचार करा, पुढच्या आठवड्यात ठरवू."

मी ठरवूनच बाहेर पडले होते. मला स्लीव्ह हवी होती, कारण स्लीव्हनंतर पुरण खाता येणार होतं. जिवाचा प्रश्न होता आणि मी पुरणाचा हिशेब करत होते.

आमचे हे नोकरीनिमित्त भोपाळला. फोनवर म्हणाले, "तू आणि आई मिळून ठरवा." सासूबाई म्हणाल्या, "माणसांनी कशाला, देवीलाच विचारू. चिठ्ठ्या टाकू." अक्षर माझं चांगलं म्हणून चिठ्ठ्या मीच लिहिल्या. ओट्याशी उभी राहून मी एका चिठ्ठीवर 'स्लीव्ह' लिहिलं, घडी घातली, आणि दुसरीवरही 'स्लीव्ह' लिहिलं. दोन्हीवर अक्षर सारखंच सुबक आलं, हेच आज आठवून अंगावर काटा येतो. देवीपुढे दोन्ही ठेवल्या. सासूबाईंनी डोळे मिटून एक उचलली, उघडली, कपाळाला लावली. "स्लीव्ह. झालं, सांगितलं तिनं." मी दुसरी उचलायला हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "राहू दे, निर्माल्याबरोबर मी टाकीन." त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मला माहीत. देवीपुढे दिवा लावताना मी वातीकडे बघायचे, देवीच्या चेहऱ्याकडे नाही.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सासूबाईंनी रव्याचे लाडू केले, देवीला दाखवले आणि डबा माझ्या पर्समध्ये ठेवला. "डॉक्टरांना प्रसाद दे. शुभ कामाला निघून राहिली आहेस." दवाखान्यात गर्दी होती. नंबर यायला वेळ होता, भीती वाटत होती, आणि भीतीवर मला एकच औषध माहीत होतं. पर्स मांडीवर, पदर पर्सवर, हात आत. दुसरा लाडू संपवून तिसरा फोडत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "दीदी, बाहर निकालके खा लो. साड़ी पे गिर रहा है."

माझ्याच वयाची बाई, अंगानं सडपातळ, पण दंडाची कातडी सैल, रिकाम्या पिशवीसारखी लोंबणारी. मी गोरीमोरी झाले. ती हसली. "अरे शर्माओ मत. मैं तो दुपट्टे में बाँध के लाती थी." मी डबा पुढे केला तर तिनं हात जोडले. "मेरा तो अब पानी भी गले तक वापस आता है." मग न विचारताच तिनं सांगितलं. हजिरा भागात तिचं शिलाईचं दुकान. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी जाऊन स्लीव्ह करून घेतली. जळजळ आधीपासून होती, पण लहान शस्त्रक्रिया हवी म्हणून डॉक्टरांपासून लपवली. वजन उतरलं, जळजळ चौपट झाली. आता तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते, आणि तीच शस्त्रक्रिया बदलून बायपास करून घ्यायला आली होती. मी विचारलं, तेव्हा खरं का नाही सांगितलं? ती म्हणाली, "डॉक्टर का क्या बिगड़ा, दीदी? झूठ तो मैंने अपने पेट से बोला था."

मी हातातला अर्धा लाडू डब्यात परत ठेवला. मला काही तेज दिसलं नाही, कुठे घंटा वाजली नाही. एवढंच झालं की बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खाताना पाहिलं, आणि पाहून तिनं तोंड फिरवलं नाही. महालक्ष्म्या दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. मला वाटलं, थोरली आधी ठेच खाऊन आली आहे आणि धाकटीला वाट सांगते आहे. असंही वाचलेलं आहे की देवानं पाठवलेली माणसं काम झालं की दिसेनाशी होतात. ही झाली नाही. तिची शस्त्रक्रिया नीट पार पडली, दुकान चालू आहे, आणि माझी ब्लाउजं तिनंच तीनदा आत घेतली आहेत. दर वेळी टोमणा मारते, "दीदी, कपड़ा बचा के रखा है, फूलना मत."

माझा नंबर लागला. आत जाऊन मी पर्स टेबलावर उपडी केली. लाडूचा डबा, गजकचं पाकीट, जळजळीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मागच्या वेळी मी सांगितलं ते खोटं होतं." मग सगळं सांगितलं. जळजळ किती वर्षांची, गोड किती, कुठे, कसं लपवून. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मागचा कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "मग तुमच्यासाठी बायपास. आता मला शंका नाही." त्यांनी एक अख्खा लाडू उचलला, "प्रसाद आहे ना?" म्हणून खाल्ला आणि डबा बंद करून बाजूला ठेवला. बाहेर आले तेव्हा पाय हलके होते. वजन तेवढंच होतं.

खरी परीक्षा घरी होती. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. खाली बसणं मला सोपं नव्हतं, म्हणून त्यांनी हातातली शेंग ठेवली. मी म्हटलं, "आई, दोन्ही चिठ्ठ्यांवर मी एकच लिहिलं होतं." त्या उठल्या, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि त्यातून दोन्ही चिठ्ठ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या.

"दुसरी मी त्याच दिवशी उघडली."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्याशी कुठे खोटं बोललीस तू? विचारलं तिला होतं. मी तिलाच रोज सांगून राहिले होते, हिच्या तोंडून वदवून घे बाई, माझ्याच्यानं नाही व्हायचं."

त्यांनी एवढं पोटात घातलं होतं, म्हणून मी तेही सांगून टाकलं. नैवेद्याचं. बोटाचं, पुरणाचं, उभ्यानं खाल्लेल्या पोळ्यांचं. ते मात्र त्यांना लागलं. "बावीस वर्षं?" एवढंच म्हणाल्या. उरलेले मटार सोलले, टरफलं गोळा केली आणि खोलीत गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे आला, बिनसाखरेचा. "प्रॅक्टिस कर," म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. टेबलावर भूल चढण्याआधी काहीतरी मागावं असं वाटलं, पण मागायला तोंड नव्हतं. म्हणून देवीला म्हटलं, आता चिठ्ठी तूच लिही. त्यानंतरचे आठवडे चमच्यांनी मोजावे असे गेले. दोन चमचे वरणाचं पाणी, दोन चमचे ताक. एकदा न राहवून शिऱ्याचे मोठे चार घास घेतले आणि घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले. सासूबाईंनी पदरानं वारा घातला आणि म्हणाल्या, "बघ, चौकीदार बसवलाय तिनं आत." शाळा सुरू झाली. एक दिवस वळणावरच्या त्या खुर्चीशी न थांबता मी दुसऱ्या मजल्यावर पोचले, मग परत खाली आले, खुर्ची उचलली आणि स्वतःच्या हातानं वर वर्गात नेऊन ठेवली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला, हे आता लपवत नाही.

भाद्रपद आला. मला वाटलं होतं, नैवेद्य आता सासूबाई करतील. पण त्यांनी सोवळं माझ्याच हातात दिलं. "तूच करायचा." मी स्वयंपाकघरात शिरले, देव्हाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. आमटीला उकळी आली आणि मीठ हातात घेतलं, तेव्हा कळलं की मला काहीच येत नाही. बावीस वर्षं जिभेच्या आधारानं चाललेला हात आंधळा होता. म्हटलं, देवी, सांग किती? काही ऐकू आलं नाही. हाताला जेवढं आलं तेवढं टाकलं आणि झाकण ठेवलं. शांत वाटलं. चुकलं तर चुकलं, ते तिचं होतं.

पंगत बसली. नणंदबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटण्याऐवजी उघडले. आमटी अळणी होती आणि भाजी खारट. सगळे पुरणाकडे वळले. नणंदबाईंना मात्र राहवेना. "वहिनी, आज देवी रुसली की काय?"

मी वाढायचं थांबवलं. "रुसली नाही, वन्सं. इतकी वर्षं मी चाखून मीठ घालत होते. आज चाखलं नाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी आमटीचा भुरका घेतला, सावकाश गिळला आणि म्हणाल्या, "म्हणजे आज देवी आधी जेवली. मीठ वाढ ग सगळ्यांना."

मी मिठाचं भांडं उचललं. या पानावर चिमूटभर, त्या पानावर चिमूटभर, असं वाढत पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि त्या घरात पहिल्यांदाच मान वर करून वाढलं.