काट्याचा हलवा

धाकट्या जावेच्या बाळाचं यंदा पहिलं बोरन्हाण. संक्रांतीचं काळं झबलं आणि त्यावर घालायचे हलव्याचे दागिने मी घरीच करीन, असं सांगून टाकलं. तयार मिळतात, हे मलाही ठाऊक आहे. पण दागिने हे निमित्त. मला हलवा मुलीच्या हाती द्यायचा होता. आईनं तो मला शिकवला आणि माझ्यानंतर घरात तो कुणालाच येत नाही.

मुलगी अकरावीत. इंदुरात जन्मलेली, तेव्हा निम्मी मराठी हिंदीतच. तिनं शेजारच्या आंटींना कौतुकानं सांगितलं, "हमारे यहाँ हलवे के गहने बनते हैं." दुसऱ्या दिवशी आंटी पिशवीभर गाजरं घेऊन हजर.

"भाभीजी, किसने में हाथ बँटा दूँ? पर ये गले में टिकेगा कैसे?"

मी हसले नाही. गाजराच्या हलव्याचा हार म्हटल्यावर कुणालाही काळजी वाटणारच. त्यांना परातीजवळ बसवून आमचा हलवा दाखवला. मंद आचेवर तीळ, त्यांवर साखरेचा पाक थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचं. बोटं भाजतात. हळूहळू दाणा फुगतो, त्यावर बारीक काटे उभे राहतात. काटा नाही तर तो हलवा नाही, असं आई म्हणायची.

मुलीला धीर नाही. चमचाभर पाक एकदम ओतायची. पाक जास्त झाला की काटा मरतो. तिचे दाणे साबुदाण्यासारखे गुळगुळीत झाले.

"आई, ये गॅसच बेकार आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं.

"तो ऑनलाइन मँगा लो ना!" म्हणत ती उठून गेली. मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तिचे दाणे मी खायला म्हणून वाटीत काढून ठेवले. माझ्यापुरता विषय संपला होता.

बोरन्हाणाच्या दिवशी बघते तर हाराच्या मधोमध तेच गुळगुळीत दाणे. मला न सांगता तिनं गुंफले होते. जावेनं हार हातात घेऊन विचारलं, "ताई, इथे काटा का नाही आला?"

पाक बिघडला, असं मी सांगणार होते. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काकू, ते माझे आहेत. काटा अगले साल येईल."

पुढच्या वर्षाचं मी तिला विचारलंच नव्हतं. नाही म्हणेल, याची भीती होती.