जोडव्यांच्या कोऱ्या पट्ट्या

भूत, करणी, दृष्टांत यांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी गणित शिकवते. ताळा जुळला नाही की मुलांना उदाहरण पुन्हा सोडवायला लावते. हे मात्र कितीदा मांडून पाहिलं तरी जुळत नाही, म्हणून लिहिते आहे.

१९७४ सालची गोष्ट. जालना जिल्हा तेव्हा झाला नव्हता. मी टेंभुर्णीच्या शाळेत होते, खोली घेऊन एकटी राहायचे. दसऱ्यानंतर एका सकाळी पाय धुताना दिसलं — दोन्ही पावलांवर बारीक लाल ठिपके, राजगिऱ्याएवढे. खाज नाही, दुखणं नाही. मला वाटलं, पिसवा चावल्या.

गावातल्या डॉक्टरांनी काचेचा पेला ठिपक्यांवर दाबला. लाली गेली नाही.

"चावल्याची लाली दाबल्यावर जाते," ते म्हणाले. "ही जात नाही, म्हणजे कातडीखाली रक्त आलंय. हिरड्यांतून रक्त येतं का?"

येत नव्हतं. जालन्याला रक्त तपासून घेतलं, तेही ठीक निघालं. अहवाल पाहून गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, जोडवी काढून ठेवलीत का?"

दोन्ही पायांच्या अंगठ्याशेजारच्या बोटांवर एकेक कोरी पट्टी होती. तेवढ्या जागेत एकही ठिपका नाही. मी लग्न केलेलं नाही... जोडवी कधी घातलीच नव्हती.

त्याच रविवारी हसनाबादला धाकट्या बहिणीला, कमलला, भेटायला गेले. पहिलटकरीण. आईच्या आजारपणात तिला सातव्यात माहेरी आणायचं राहून गेलं, आणि आता आठवा लागला होता. आठव्यात आमच्याकडे बाईला गावाबाहेर पाठवत नाहीत.

कमल ओट्यावर बसली होती. पाय सुजले म्हणून जोडवी काढलेली. पावलांवर तेच ठिपके, बोटांवर त्याच कोऱ्या पट्ट्या.

"सराट्याचे काटे टोचलेत," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "कापसात अनवाणी फिरून राह्यली. आयकत न्हाई कुणाचं."

दात घासताना रक्त येतं का, असं मी कमलला विचारलं. म्हणाली, चार-पाच दिवस झाले, येतंय.

मी पेला मागितला. सासूबाईंच्या पायावर डास चावलेला होता, आधी तिथे दाबला. लाली गेली. मग कमलच्या पावलावर. गेली नाही. सासूबाईंनी पेला माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दाबून पाहिला.

"मंग आता?"

"मोठा दवाखाना. आजच."

"आठव्यात शीव ओलांडत न्हाईत, ताई."

"मग नवव्यात कुणाला न्यायचं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. मग मुलाला म्हणाल्या, "जीप बघ, जल्दी." आणि स्वतःही जीपमध्ये बसल्या.

औरंगाबादला तपासणीत कळलं, रक्त गोठवणाऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. घरी बाळंतपण झालं असतं तर रक्त थांबलं नसतं, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. तिला तिथेच ठेवून घेतलं.

रक्त चढत असताना मी कमलला माझ्या ठिपक्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "दाखव पाय." मी चप्पल काढली. एकही ठिपका नव्हता. कधी गेले, सांगता येत नाही. त्या धावपळीत स्वतःचे पाय बघायला फुरसत नव्हती.

"तुझे गेले, मंग माझे बी जातील," ती म्हणाली आणि झोपली.

तिचे जायला बरेच दिवस लागले. मुलगी दवाखान्यातच झाली, दोघी सुखरूप.

टेंभुर्णीच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ठिपके दोघींना येऊ शकतात, ते म्हणाले. पट्ट्यांबद्दल विचारलं तर त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं. कमलच्या ठिपक्यांचं कारण कळलं. माझ्या ठिपक्यांचं आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.